कोठीघराचा ताळेबंद



वैशाख महिना सरत आला की आपल्या घरांतून चातुर्मासाच्या तयारीची लगबग सुरू होते. पौषापासून बाजारात येऊ लागलेली तूर, फाल्गुनातला हरभरा, शाळू ज्वारी आणि चैत्रातला गहू हे सारे एव्हाना घरी येऊन पडलेले असते. ते निवडावे, पाखडावे, गच्चीवर उन्हे द्यावीत आणि मृगाचा पाऊस येण्यापूर्वी डब्यांत भरून झाकणे घट्ट लावावीत, हा मराठवाड्यातील व्यापारी घरांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा परिपाठ आहे. या स्तंभातून आजवर आपण ठेवी, विमा, मृत्युपत्र, दुकानाच्या वह्या अशा विषयांचा विचार केला. या खेपेस मी थेट स्वयंपाकघरात पाऊल टाकतो आहे, याचे काही भगिनींना नवल वाटेल. परंतु कोठीघर हेही एक खातेच आहे. त्यालाही जमा असते, नावे असते. आणि त्याचा ताळमेळ राहिला नाही, तर त्याची किंमत कोणाला तरी मोजावी लागते. ती आमच्या घराने मोजली, म्हणून हा विषय.

मागील पौषातली गोष्ट. लातूरला आमच्या थोरल्या बंधूंच्या घरी सायंकाळी सव्वापाचच्या सुमारास तिघे पाहुणे अचानक आले. हिवाळ्याचे दिवस, सूर्यास्त सहाच्या आसपास. पाहुणे चौविहार पाळणारे. तेवढ्या वेळात खिचडी होण्यासारखी होती. परंतु रोजच्या डब्यातील मुगाची डाळ तळाला गेलेली. शिल्लक डाळ माळ्यावर आहे, हे केवळ थोरल्या वहिनींना ठाऊक. सूनबाई पाहुण्यांना पाणी देण्यात गुंतलेल्या. तेव्हा वयाची अठ्ठ्याहत्तर वर्षे पार केलेल्या वहिनी स्वतःच स्टुलावर चढल्या. डबा हाती आला, तो अपेक्षेपेक्षा जड निघाला आणि त्या डब्यासह खाली आल्या. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, तीन महिने अंथरुण धरावे लागले.

त्या तीन महिन्यांत त्या घरात जे घडले, ते मला अधिक विचार करायला लावणारे वाटले. एवढ्या मोठ्या घराचे कोठीघर एका व्यक्तीच्या स्मरणात होते. ती व्यक्ती अंथरुणाला खिळताच ते जणू कुलूपबंद झाले. सूनबाई सुशिक्षित, कष्टाळू. पण मेथ्या कुठे, सुंठ कुठे, आयंबिलाची वेगळी भांडी कुठे, हे विचारायला त्या दिवसातून दहा वेळा रुग्णालयात फोन करीत. वस्तू सापडेना म्हणून नवी आणली जाई आणि आठवड्याने जुनी सापडे. हळदीचे चार डबे निघाले, खसखशीच्या पाच पुड्या निघाल्या. हे सारे क्षम्य होते. पण एके दिवशी अगदी मागच्या रांगेतून अख्ख्या चवळीचा एक डबा निघाला. झाकण उघडताच भुंगे बाहेर पडू लागले. आतील दाण्यादाण्याला भोक होते. सूनबाईंनी ते वहिनींना सांगायला नको होते, पण सांगितले. वहिनींच्या डोळ्यांतून पाणी आले. त्या म्हणाल्या, "भावजी, हाड काय, जुळून येईल. पण माझ्या हातून हे व्हायला नको होतं."

आपल्या वाचकांना या वाक्याचा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. इतरांच्या घरी किडलेले धान्य म्हणजे पैशांचे नुकसान. आपल्या घरी ते त्याहून अधिक असते. धान्यात जीव पडला, की तो पडू दिल्याचा दोष एक आणि पुढे त्याचे करायचे काय हा पेच दुसरा. म्हणूनच कोठीघर नीट लावणे हे आपल्यासाठी सोयीपुरते काम नाही; जयणेचा तो पहिला पाठ आहे. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात ज्या पाच समिती सांगितल्या आहेत, त्यांतील चौथी आदाननिक्षेपण समिती. कोणतीही वस्तू घेताना वा ठेवताना पाहून, सावकाश, कोणत्याही जीवाला बाधा न होईल अशी घ्यावी व ठेवावी, हा तिचा आशय. ती मुनिधर्माच्या संदर्भात सांगितलेली असली, तरी श्रावकाने तिच्यातून जमेल तेवढे घ्यावे. आणि जी वस्तू डोळ्यांना दिसत नाही, हाताला येत नाही, ती पाहून घेणार कशी आणि पाहून ठेवणार कशी?

आपल्या पूर्वजांना याची जाण होती. मराठवाड्यातील जुन्या वाड्यांत धान्यासाठी बळद असे, जमिनीत पेव असे, अंगणाकडेला कणगी असे. रोजच्या वापराचे जिन्नस फडताळात किंवा हाताच्या उंचीवरील कोनाड्यात. उतरंडीत मोठे मडके तळाला आणि लहान गाडगे माथ्यावर. जड ते खाली, हलके ते वर आणि नित्याचे ते हाताशी, इतका सरळ हा हिशेब होता. पुढे वाडे गेले, सदनिका आल्या, जागा आक्रसली आणि जड वस्तू डोक्यावरच्या माळ्यावर गेल्या. आपल्या भागाला तर याचे भान इतरांपेक्षा अधिक असावयास हवे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीच्या भूकंपात दगडमातीची जड माळवदे आणि भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या आणि हजारो जीव गेले, हे आपण विसरलेलो नाही. डोक्यावरचे ओझे धोक्याचे असते, हा धडा घरे बांधताना आपण घेतला. पंधरा किलोचा तेलाचा डबा माळ्यावर चढवताना मात्र विसरलो.

वहिनी घरी परतण्यापूर्वी कोठीघर नव्याने लावायचे ठरले, तेव्हा सूनबाईंनी मला बोलावले. मी काही पाकशास्त्रात पारंगत नाही. पण बँकेच्या सेवेत असताना नांदेड व लातूर येथील शाखांत मालतारण कर्जापोटी ठेवलेल्या मालाच्या गोदामांची तपासणी मी वर्षानुवर्षे केली आहे. चांगल्या गोदामाची लक्षणे सर्वत्र सारखीच. पोत्यांच्या थप्प्या जमिनीवर नव्हे, लाकडी फळ्यांवर असतात. भिंतीपासून त्या सुटलेल्या असतात. दोन थप्प्यांमधून माणूस जाईल एवढी वाट असते. प्रत्येक थप्पीवर मालाचे नाव, आवक तारीख व नग यांची पाटी असते. आणि आधी आलेला माल आधी बाहेर पडतो. उमेदवारीच्या काळात माझ्या वरिष्ठांनी एक गोष्ट शिकवली होती : जे मागचे पोते आपल्याला पाहता येत नाही, ते गोदामात नाहीच असे धरून चाला. एकदा नांदेडला मी हे प्रत्यक्ष अनुभवले. दर्शनी थप्पी उत्तम होती. मागे जायला वाटच नव्हती. हमालांकरवी वाट करून घेतली, तर आतली दोन ओळींची पोती ओल लागून काळी पडलेली. मालकाला स्वतःलाही त्याची कल्पना नव्हती. चवळीचा तो डबा पाहिला, तेव्हा मला ती काळी पोती आठवली.

तेव्हा आम्ही प्रथम सारे बाहेर काढले. हे काम एका दिवशी, सकाळच्या उजेडात करावे. बाहेर काढल्यावाचून आपल्याजवळ काय आहे हे कळत नाही. एक फडके टाकून त्यावर समान वस्तू एकत्र मांडल्या : धान्ये, डाळी, अख्खी कडधान्ये, पिठे, मसाले, गोडाचे जिन्नस, सुकामेवा, पापड-कुरडया, तेल-तूप. लातूरकरांना मी एवढेच सांगेन की गंजगोलाई डोळ्यांसमोर आणावी. १९१७ साली उभारलेल्या त्या वर्तुळाकार बाजारपेठेला सोळा रस्ते येऊन मिळतात आणि त्या रस्त्यांवर वेगवेगळ्या मालाच्या पेठा आहेत. सोन्याचे दुकान, चपलांचे दुकान, मिरची-गुळाचे दुकान शोधताना कोणी घोटाळत नाही, कारण वस्तू आपापल्या जातभाईंसह बसलेल्या असतात. घरातील फळीलाही हाच न्याय लागू करावा.

दुसरे काम उंचीची वाटणी. कमरेपासून डोळ्यांपर्यंतची जागा ही कोठीघरातील सर्वांत मोलाची जागा. ती केवळ रोज लागणाऱ्या वस्तूंना द्यावी. ती उंची मोजताना घरातील सर्वांत वृद्ध आणि सर्वांत ठेंगण्या व्यक्तीची मोजावी, सुताराची नव्हे. आमच्या घरी पूर्वीच्या फळ्या उंच्यापुऱ्या बंधूंच्या मापाने बसवलेल्या होत्या आणि त्यांनी त्यांतील एकही डबा कधी उतरवला नव्हता! धान्याचे कट्टे, तेलाचा डबा, जड पितळी पातेली ही गुडघ्याच्या पातळीवर, पाटावर किंवा चाके लावलेल्या चौरंगावर ठेवली. माळ्यावर गेले ते फक्त हलके आणि वर्षातून एक-दोनदा लागणारे : रिकामे डबे, परड्या, चाळण्या, समारंभाची ताटे. जे दोन्ही हातांनी उचलावे लागते, ते खांद्याच्या वर ठेवायचे नाही, एवढा एकच नियम पाळला तरी अनेक घरांतील अनेक खुबे वाचतील.

तिसरे, एका रांगेमागे दुसरी रांग लावू नये. खोल फळी ही दिसायला सोयीची, पण मागचे गिळणारी असते. शक्य तेथे फळी अरुंद करावी. नसेल शक्य, तर मागील रांग एक वीट उंच करावी, म्हणजे तिची झाकणे दिसतात. प्रत्येक डब्यावर मोठ्या, ठळक मराठी अक्षरांत वस्तूचे नाव आणि भरल्याची तारीख असावी. भरलेल्या डब्यात जुन्यावर नवे कधीही ओतू नये. आधी जुने संपवावे, डबा धुऊन कडक उन्हात वाळवावा, मग नवे भरावे. जुन्याच्या तळाशी राहिलेला एखादा किडका दाणा नव्या दहा किलोंना पुरतो.

चौथे, साठवणीविषयी. अख्ख्या कडधान्याला भुंगा लवकर लागतो, कारण भुंग्याची मादी अख्ख्या दाण्यावर अंडी घालते. दाण्यावर पांढरे ठिपके दिसतात, ती हीच. उष्ण हवेत साधारण महिनाभरात त्यातून भुंगा बाहेर पडतो. साल काढून भरडलेल्या डाळीला त्याचा उपद्रव त्या मानाने कमी. म्हणून चवळी, मूग, मटकी, वाटाणे वर्षभराचे न भरता महिना-दीड महिन्याचे आणावेत. तूरडाळ, हरभराडाळ अधिक काळासाठी भरावी. तूरडाळीला एरंडेल चोळण्याची आपली पद्धत आजही उत्तम. उन्हे दिलेले धान्य गरम असताना डब्यात भरू नये, आत दमटपणा धरतो. रात्रभर सावलीत निवू द्यावे. वाळलेला कडुनिंबाचा पाला थरांमध्ये घालावा. धान्यात ठेवावयाच्या विषारी गोळ्यांचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. गोदामात वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळीला हवेतील ओलावा लागला की तीतून फॉस्फीन नावाचा जीवघेणा वायू निघतो. आडतीवरून आणलेली अशी गोळी झोपायच्या खोलीशेजारील कोठीत ठेवणे म्हणजे किड्यांआधी माणसांचा जीव धोक्यात घालणे. आणि आपल्या धर्मात तर दोन्ही जीव जीवच. इतके करूनही धान्यात जीव दिसलाच, तर ते कडक उन्हात ओतू नये. सावलीत, पायदळी न येणाऱ्या जागी हलक्या हाताने चाळावे आणि चाळण त्याच्याच थोड्या दाण्यांसह आडोशाला ठेवावे.

पिठांचा विषय आपल्याकडे वेगळा. आमच्या घराण्यात पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३, उन्हाळ्यात ५ आणि हिवाळ्यात ७ दिवसांची पाळली जाते. आम्नायानुसार व घराण्यानुसार यात भेद असू शकेल, पण मर्यादा सर्वत्र आहे. मग पिठाचा डबा दहा किलोंचा कशाला? तो मर्यादेच्या दिवसांत संपेल एवढाच लहान ठेवला आणि झाकणावर दळणाची तारीख खडूने लिहिली, की नियम आपोआप पाळला जातो. चातुर्मासात ज्यांचा हिरव्या भाज्यांचा त्याग असतो, त्यांच्यासाठी डाळी व कडधान्यांचा एक कप्पा, आणि चैत्र व आश्विनातील आयंबिल ओळीसाठी तेल-तूप, दूध-दही, गोड यांचा स्पर्श नसलेला एक छोटा कप्पा स्वतंत्र ठेवला. तपस्वी व्यक्तीला आपल्या तपासाठी वस्तू शोधत फिरावे लागू नये, ही घराकडून होणारी सेवाच आहे.

सारे बाहेर मांडल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात आली. आपण व्यापारी माणसे. भाव चढणार असे वाटले की दोन कट्टे जास्त घेतो आणि ती सवय दुकानातून घरात येते. परंतु घर म्हणजे गोदाम नव्हे. दुकानात पडून राहिलेला माल निदान वर्षअखेरीस डोळ्यांवर येतो. घरातला पडून राहिलेला माल किडल्यावरच दिसतो. परिग्रहाचे परिमाण ठरवण्याचा नियम आपल्यापैकी अनेकांनी घेतलेला असतो. पण जे मोजलेलेच नाही, त्याचे परिमाण ठरणार कसे? त्या दिवशी सहा महिन्यांत लागणार नाही असे जेवढे निघाले, ते चांगल्या स्थितीत असतानाच गरजूंच्या घरी पोहोचवले. कोठी जवळजवळ एक तृतीयांश रिकामी झाली आणि जागा अपुरी असल्याची तक्रार त्या दिवसापासून ऐकू आली नाही.

आता या कामातील सर्वांत नाजूक भाग सांगतो. वहिनी घरी आल्या, चाकांच्या खुर्चीवरून कोठीघराच्या दारात आल्या आणि नवी मांडणी पाहून गप्प झाल्या. मला वाटले होते, त्या आनंदतील. थोड्या वेळाने म्हणाल्या, "छान केलंय. आता माझी काही गरज नाही उरली." माझ्या तपासणीच्या साऱ्या अनुभवात न दिसलेली चूक मला त्या क्षणी दिसली. पन्नासहून अधिक वर्षे त्या घराच्या अन्नपूर्णा होत्या. कोणता जिन्नस कुठे, किती, केव्हा आणलेला, हे ठाऊक असणे हीच त्यांची सत्ता होती आणि सेवाही. आम्ही त्यांच्या पश्चात, त्यांना न विचारता, ते सारे पाट्यांवर लिहून मोकळे झालो होतो. खातेदाराच्या सहीवाचून खाते हस्तांतरित करण्यासारखे ते झाले.

चूक दुरुस्त करायला सूनबाई माझ्याहून चतुर निघाल्या. त्यांनी एक जाड वही आणली आणि वहिनींसमोर बसून म्हणाल्या, "आत्याबाई, नावं आणि तारखा आम्ही लिहिल्या. पण डाळ कोणत्या बाजारातली घ्यायची, एरंडेल किती चोळायचं, ओळीला काय काय लागतं, हे डब्यावर कसं लिहिणार? ते तुम्ही सांगा, मी लिहिते." पहिले दोन दिवस वहिनींनी मोजकेच सांगितले. पुढे मात्र दुपार कधी सरे ते दोघींनाही कळेना. त्या वहीत आता मेतकुटाचे प्रमाण आहे, कोणत्या वर्षी ओल लागून ज्वारी गेली ते आहे, आणि अचानक आलेल्या पाहुण्यांसाठी सूर्यास्तापूर्वी अर्ध्या तासात काय काय होऊ शकते याची यादीही आहे. आयंबिलाचा कप्पा कोठे असावा यावर वहिनींनी आमचा निर्णय फिरवला आणि त्यांचेच बरोबर होते. तो आम्ही तेलाच्या डब्याशेजारी ठेवला होता!

नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात लंगर चालतो, तेथे सेवेला येणारे हात सतत बदलत असतात. तरी पंगत थांबत नाही. जेथे काम एका माणसाच्या आठवणीवर अवलंबून नसते, तेथेच ते अखंड चालते. बँकेत आम्ही वृद्ध खातेदारांना नेहमी सांगत असू की खाते एकट्याच्या नावावर ठेवू नका. दोघांपैकी कोणालाही चालवता येईल असे करा. त्याने मूळ खातेदाराचा हक्क कमी होत नाही, अडचणीच्या वेळी घर मात्र अडत नाही. कोठीघराचेही तसेच करावे. सासू व सून अशा दोघींच्या नावाचे ते खाते असावे आणि दुसरे नाव पहिली धडधाकट असतानाच, तिच्या हातूनच लागावे. पुरुषांनीही त्यात आपले नाव घालून घ्यायला हरकत नाही. आमचे बंधू वयाच्या ऐंशीव्या वर्षी मुगाची डाळ कोठे असते ते शिकले आहेत.

या पंधरवड्यात उन्हे कडक आहेत. एक दिवस काढावा, फडके अंथरावे आणि घरातील सर्वांत ज्येष्ठ भगिनीला मध्ये खुर्ची देऊन बसवावे. मग तिला विचारून एकेक डबा उघडावा.

पुढील अंकी घरातील कागदपत्रांच्या कपाटाविषयी. तेही बहुधा एकाच्याच आठवणीवर चाललेले असते.